म्हसवडच्या बायकांनी तोंड उघडलं

सुभेदार लालासाहेब जगदाळ्यांची शालू मुंबईला डॉक्टर झाली, तेव्हा मसूरच्या लोकांनी मनातल्या मनात गावात दवाखाना उघडूनसुद्धा टाकला. चावडीशेजारची खोली चांगली का वेशीजवळची, यावर पारावर वाददेखील झाले. आणि मग कळलं, की पोरगी नाडी बघणारी डॉक्टर नाहीच. माणसाच्या अंगातून कापून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली धरून रोग कुठला ते सांगायचं, अशी तिची विद्या. लोकांना ते काही झेपेना. कुणीतरी तिला 'तुकड्यांची डाक्टरीण' म्हणालं आणि तेच नाव पडलं.

सुभेदारांना मात्र त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या महायुद्धात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला तो माणूस. ते म्हणायचे, "तोफ डागणारा सगळ्यांस्नी दिसतो. पर तोफ कुठं डागायची ते सांगणारा माणूस मागं बसलेला असतो. माजी शालू ती हाय."

एक्केचाळीस साली शालूला सांगलीच्या धर्मार्थ इस्पितळात जागा मिळाली. राहायला विश्रामबागेत दोन खोल्या आणि कामाला इस्पितळाच्या मागल्या अंगाला, मुदपाकखान्याला लागून एक लांबोडकी खोली. सकाळी आमटीला फोडणी पडली की तिच्या खोलीत ठसका उठायचा. तिनं तक्रार केली नाही. उत्तरेकडची खिडकी मोठी होती, उजेड चांगला येत होता, आणि दुर्बीण जर्मन होती. तिला तेवढं पुरेसं होतं.

इस्पितळाचे मुख्य सर्जन डॉ. दाबके. पन्नाशीचे, उंच, हाताला सफाई असलेले, आणि स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास असलेले. गाठीला बोट लावून ती साधी की वाईट हे ते सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. त्यामुळे शालूकडे तुकडा पाठवताना ते चिठ्ठीत निदान आधीच लिहून टाकत. शालूनं फक्त मान डोलवायची, एवढंच काय ते तिचं काम.

वर्ष असंच गेलं. मग तानुबाई आली.

माणदेशातले धनगर पाऊस संपला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. म्हसवडकडच्या बिराप्पाचा मेंढरांचा वाडगाही त्या साली सांगलीच्या अलीकडे एका मळ्यात बसला होता. तानुबाई त्याची बायको. चाळिशीची, काटक, दिवसभर मेंढरांमागं चालणारी. डाव्या गालाच्या आत तिला फोड झाला होता. तीन वर्षं होता, पण दुखत नव्हता. आता त्याचा खड्डा झाला होता, आणि जबड्याखाली मानेत दोन गाठी हाताला लागत होत्या.

दाबक्यांनी मान चाचपली आणि हात धुतले. "मानेत उतरलंय. आता कापून उपयोग नाही. बिराप्पा, घेऊन जा हिला घरी. काय खायला मागेल ते घाल."

 खांद्यावरची घोंगडी बिराप्पानं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. शालू गालातला तुकडा न्यायला तिथं आली होती. ती जाता जाता थांबली.

"डॉक्टर, मानेतली एक गाठ काढून द्याल मला?"

"कशाला? मला कळत नाही का?"

"कळतं. पण तिच्या तोंडात घाण आहे, दोन दाढा किडल्यात. त्यानंही गाठी सुजतात. कॅन्सरनं सुजली का किडीनं, ते बाहेरून हाताला सारखंच लागतं. आत बघितल्याशिवाय मी तरी सांगू शकणार नाही."

 आपण सांगू शकतो असं दाबक्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते तसं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा बधिर करून एक गाठ काढून दिली. "घ्या. तुमचं समाधान होऊ दे."

शालूनं त्या गाठीचे एकदोन नव्हे, टोकापासून टोकापर्यंत काप काढले. ते रंगवले आणि खिडकीशी बसून एकामागून एक बघितले. कॅन्सरच्या पेशी तिला ओळखू आल्या असत्या. त्या नीट रांगेत राहत नाहीत, घुसखोरासारख्या दुसऱ्याच्या घरात शिरून बसतात. गालाच्या तुकड्यात त्या होत्याच. पण गाठीत एकही नव्हती. सगळी सूज किडीची होती. तिनं पुन्हा पहिल्या कापापासून सुरुवात केली, कारण आपल्याला हवं तेच आपण बघतोय की काय, ही भीती तिला वाटत होती. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

ती तशीच, हाताला निळाजांभळा रंग लागलेला, दाबक्यांच्या खोलीत गेली. "गाठ स्वच्छ आहे. रोग गालातच आहे. निघेल."

"आणि तुमची चूक झाली असेल तर?"

"तर तुम्ही सगळ्या इस्पितळाला सांगा."

 माणूस गर्विष्ठ होता, पण खोटा नव्हता. "चला," ते म्हणाले, "कापतो. तुमच्या शब्दावर."

ऑपरेशन मोठं झालं. डावा गाल गेला, त्याबरोबर जबड्याचा एक तुकडा गेला. मांडीची कातडी लावून भोक बुजवलं. तानुबाई आठवडाभर तापानं फणफणली आणि मग हळूहळू पेज प्यायला लागली. ती जगली. पण चेहरा डावीकडे ओढला गेला होता, गाल आत बसला होता, बोलताना शब्द एका कडेनं निसटायचे. तिनं पदर तोंडावरून घेतला तो काढलाच नाही.

तानुबाई घरी निघायच्या आधी शालू तिच्याजवळ बसली. एक गोष्ट तिच्या मनात घोळत होती.

"तानुबाई, तंबाखूचा बार कुठल्या बाजूला धरत होता तुमी?"

"डाव्या. उजवीकडं दाढ न्हाई न्हवं. आन सकाळ-सांज मशेरी."

"डाव्याच? कवाच उजवीकडं न्हाई?"

"न्हाई बाई. सवय असती की बाराला जागेची." आणि मग पदराआडून हलकेच म्हणाली, "तुमी मला जगीवलं. पर हे तोंड घिऊन मी कुठं बसू, ते बी सांगा."

 बिराप्पानं बायकोला घोड्यावर बसवलं आणि ती दोघं वाडग्याकडे निघून गेली.

पण त्या दिवसापासून शालू तोंडाच्या प्रत्येक रोग्याला एकच गोष्ट विचारू लागली. बार कुठं धरता? मशेरी ओठात ठेवता का गालात? तवा तापवून तंबाखू जाळायची, कुटायची आणि दाताला लावायची, हा तर तिच्या स्वतःच्या घरातला वास. लहानपणी तिनंही आईच्या डबीत बोट घालून बघितलं होतं आणि घेरी येऊन पडली होती. कुणी त्याकडे व्यसन म्हणून बघतच नव्हतं. दाबकेही म्हणत, टोकदार दातानं गाल सोलून हा रोग होतो. शालू मात्र बघत होती, की ज्या गालात बार त्याच गालात क्षत, ज्या ओठाआड मशेरी त्याच ओठाआड चट्टा. एकदा नाही, दोनदा नाही. चव्वेचाळीस उजाडेपर्यंत तिची खात्री पटली होती.

तिनं निबंध लिहिला आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या परिषदेत वाचला. सभागृहात बाई ती एकटीच. वाचून झाल्यावर पहिल्या रांगेतून मुंबईचे एक म्हातारे प्राध्यापक उठले. पांढरी दाढी, काळा कोट, आवाज अगदी मऊ.

"बाई, तुमच्याकडे आलेल्या आजारी बायका मशेरी लावत होत्या, हे कबूल. पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे त्या भागातल्या बहुतेक बायका लावतात. मग बाकीच्या धडधाकट कशा? उद्या तुम्ही म्हणाल, या सगळ्या बायका भाकरी खात होत्या, तेव्हा कॅन्सर भाकरीनं होतो."

सभागृह हसलं. शालूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याजवळ उत्तर नाही. ती कागद गोळा करून खाली बसली. 

परतीच्या गाडीत सातारा रोडपर्यंत ती त्या प्राध्यापकांवर चिडली होती. कोरेगाव गेलं तसं तिला कळायला लागलं, की म्हातारा हसवून गेला, पण मुद्दा त्याचा बरोबर आहे. आपण फक्त आजारी तोंडं बघितली. निरोगी तोंडात काय चाललंय ते आपण कुठं बघितलंय? मसूर येईतो तिचा राग पार उतरला आणि जागी काहीतरी वेगळंच आलं. सुभेदार स्टेशनवर घ्यायला आले होते.

"काय झालं, पोरी? हारलीस?"

"न्हाई आबा. अर्धीच लढाई केली हुती. आता मला धडधाकट बायका पायजेत. शेकड्यानं. तोंड उघडून दावणाऱ्या."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "शेकड्यानं बायका म्हंजी जत्राच बघाया पायजे."

म्हसवडच्या सिद्धनाथाची रथाची जत्रा मार्गशीर्षात भरते. माणदेशातून, खटावातून, पार जत-आटपाडीकडून माणसं येतात. धनगर येतात, शेतकरी येतात, बाजाराला आलेले लिंगायत वाणी आणि जैनही असतात. बार धरणाऱ्या बायका आणि तंबाखूला बोटही न लावणाऱ्या बायका, दोन्ही एका जागी मिळणार होत्या. शालूला यापेक्षा चांगली जागा सापडली नसती.

पंचेचाळीसच्या जत्रेत बाप-लेकीनं देवळापासून थोड्या अंतरावर बाभळीखाली पाल ठोकलं. आत एक खुर्ची, एक स्टूल, बॅटरी, आरसा आणि पाण्याची घागर. सुभेदारांनी पदकं लावली, फेटा बांधला आणि दवंडी दिली, "सांगलीच्या डाक्टरीणबाई तोंड बघणार! फुकाट!"

आणि कुणी आलं नाही.

बायका यायच्या, लांब उभ्या राहायच्या, पदर तोंडात धरून हसायच्या आणि जायच्या. त्या सालात खेड्यापाड्यात प्लेगच्या टोचणीची मोठी दहशत होती. कुणीतरी उठवलं, की ही डाक्टरीण आ करायला लावून टाळूत टोचते. दुसरी म्हणाली, दात उपटून इंग्रजाला पाठवते. सुभेदारांनी मदत करायची म्हणून पलटणीतला आवाज काढला, "चला, लाइन लगाव! एकेक करून!" त्यासरशी जवळ आलेल्या चार बायकाही पळाल्या.

"आबा," शालू म्हणाली, "तुमी जरा लांब बसता का?"

"मी काय केलं?"

"तुमी काय न्हाई केलं. तुमच्या मिशानं केलं."

सुभेदार बिचारे फेटा सोडून बाभळीमागं जाऊन बसले. दिवस कलला. शालूनं बॅटरी पुसली, परत पुसली. पुण्याचं हसू तिला पुन्हा ऐकू यायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा पालाच्या तोंडाशी एक बाई येऊन उभी राहिली. पदर पार डोळ्यांपर्यंत ओढलेला. मागं घोंगडी खांद्यावर टाकलेला बिराप्पा.

"बाई, तुमीच हाय व्हय? दवंडीवरनं वाटलंच मला."

शालू उठूनच उभी राहिली. तीन वर्षं होऊन गेली होती. तिनं तानुबाईला आत घेतलं, पदराआड बॅटरी धरून गाल तपासला. मांडीची कातडी गालात मुरली होती. गाठ नव्हती, क्षत नव्हतं. रोग परतला नव्हता.

"तानुबाई, तुमी बऱ्या झाला. पुरत्या बऱ्या."

"जेवते, चालते, मेंढरं राखते. बरी म्हनायची." तिनं पदर आणखी खाली ओढला. "पर मानसात बसत न्हाई. थोरली जाव रंगुबाई माजी वाटी येगळी ठेवती. म्हनती, रोग लागंल. लगीन न्हाई, बारसं न्हाई. ह्या जत्रंला बी हेनी लय मागं लागलं म्हनून आले." मग तिनं रिकाम्या पालाकडे बघितलं. "आन तुमच्याकडं कुणी का न्हाई?"

शालूनं सांगितलं. टोचणीची अफवा सांगितली, पुण्याची गोष्ट सांगितली, आणि निरोगी तोंडं कशाला हवीत तेही तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. "चट्टा फोड व्हायच्या आधी दिसला, तर नखाएवढा तुकडा काढून भागतंय, तानुबाई. तुमच्यागत गाल जात न्हाई. पर त्यासाठी आधी तोंड तर बघाया मिळालं पायजे."

तानुबाई ऐकत होती. मग ती उठली, बाहेर गेली आणि पालासमोरच्या दगडावर चढली. बिराप्पा "अगं, अगं" म्हणेस्तोवर तिनं पदर खसकन मागं ओढला.

 एक पोर रडायला लागलं. तानुबाईनं ओढलेला चेहरा या बाजूला फिरवला, त्या बाजूला फिरवला, सगळ्यांना दिसेल असा.

"बगा गं. नीट बगा. डोळं झाकू नगासा. हे देवाचं न्हाई आन करनीचं बी न्हाई. ह्या गालात मी बार धरत हुते. फोड आला, दुकत नव्हता, म्हनून गप ऱ्हायले. गप ऱ्हायले म्हनून एवढं कापावं लागलं. आन कापलं म्हनूनच तुमच्या म्होरं हुबी हाय, न्हाईतर कवाच राक झाली असती. ही बाई टोचत न्हाई. दात उपटत न्हाई. निस्तं आ करायचं. नवऱ्यासंगं भांडताना एवढं मोठं आ करता, मग हितं काय जीभ अडकती?"

आधी एक म्हातारी हसली. मग दुसरी. हसू पसरत गेलं आणि त्या हसण्यातच पहिली बाई पुढं आली. तिच्या मागं दुसरी आली. दुपारपर्यंत पालासमोर रांग लागली होती, ती बाभळीला वळसा घालून पार रसवाल्यापर्यंत गेली होती. तानुबाई दाराशी उभी राहून एकेकीला आत सोडत होती, चूळ भरायला लावत होती आणि कोण बार धरते, कोण मशेरी लावते, कोण काहीच नाही, ते विचारून शालूला ओरडून सांगत होती. सुभेदारांना बाभळीमागून बोलावून आणलं आणि लिहायला बसवलं.

शालू बघत गेली. ज्या तंबाखूला शिवत नव्हत्या त्यांच्या तोंडाची आतली कातडी गुलाबी, मऊ. ज्या बार धरत होत्या त्यांच्या त्याच गालात, बार जिथं बसतो त्या जागी, पांढुरका चट्टा, दुधाची साय चिकटावी तसा. दुसरा गाल साफ. एकीत, दुसरीत, दहावीत, पन्नासावीत. तिचे हात कामात होते, पण आतून ती नाचत होती. जे फक्त तिला खिडकीशी बसून दिसलं होतं, ते आता भर उन्हात, जत्रेच्या गलबल्यात, शेकडो तोंडांतून तिला उत्तर देत होतं.

ऊन उतरायच्या सुमारास तानुबाईचा आवाज चढला. "रंगुबाई, तुमी बी या की."

रांगेच्या बाहेर, लांब, एक धिप्पाड बाई उभी होती. तीच थोरली जाव. तिनं मान फिरवली. "मला काय झालंय? मी न्हाई दावनार."

तानुबाई पालाचं दार सोडून तिच्यापाशी गेली. "माजी वाटी येगळी ठिवली, ते मी मनात धरलं न्हाई, बाई. धरनार बी न्हाई. पर आज आ करा. माज्यासाटी."

रंगुबाईचा चेहरा एकदम पडला. तानुबाईनं तिचा दंड धरून तिला आत आणून स्टुलावर बसवलं. शालूनं बॅटरी लावली आणि खालचा ओठ हलकेच बाहेर ओढला. आत, मशेरी बसते त्या खाचेत, जोंधळ्याच्या दाण्याएवढं लालसर क्षत होतं. कडा टणक होत्या.

"हे कवापासनं हाय?"

"आखाडापासनं." रंगुबाई पुटपुटली आणि मग तिचा बांध फुटला. "मला ठावं हुतं. मला तानुचंच झालंय. हिच्या वाटीतनं लागंल म्हनून मी तिची वाटी येगळी केली, तरी लागलंच. कुनाला सांगू? आता माजा बी गाल जानार."

"हे कुनाच्या वाटीतनं लागत न्हाई," शालू म्हणाली. "तानुबाईकडनं तर मुळीच न्हाई. हे त्या डबीतनं आलंय. आन गाल जात न्हाई. मला लौकर गावलंय."

जत्रा पांगली तशा दोघी जावा बिराप्पाबरोबर सांगलीला आल्या. शालूनं तुकडा बघितला. कॅन्सरच होता, पण नुकता उंबरा ओलांडून आत पाऊल टाकलेला. दाबक्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, स्वतः दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, "किती कडेनं कापू, ते तुम्ही सांगा." शालूनं सांगितलं. अर्ध्या तासात काम झालं. काढलेल्या तुकड्याच्या चारी कडा शालूनं तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. रंगुबाईच्या ओठाआड एक बारीक व्रण तेवढा राहिला.

चौथ्या-पाचव्या दिवशी शालू वॉर्डात फेरी मारायला गेली, तर दोघी जावा एकाच ताटातून दूधभात खात होत्या. तानुबाईच्या तोंडाच्या कडेतून भात निसटत होता आणि रंगुबाई तो आपल्या पदरानं पुसत होती. शालू तिथं थांबली नाही. दारातूनच मागं वळली आणि मुदपाकखान्याच्या भिंतीशी उभी राहून तिनं डोळे पुसले. समोरून येणाऱ्या दाबक्यांना वाटलं, फोडणीचा ठसका असेल.

पुढच्या साली पाल पुन्हा म्हसवडला पडलं आणि रांग दुप्पट झाली. कितीतरी जणींनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून द्यायला परवानगी दिली. ते तुकडे एकापुढे एक लावले, तेव्हा रोगाची सगळी वाटच शालूच्या डोळ्यांसमोर उलगडली. आधी कातडीचा थर जाड होतो, मग त्यातल्या पेशी चुळबुळ करायला लागतात, मग रांग मोडतात आणि शेवटी घर फोडून आत शिरतात. अवघी वाट, पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत. शिवाय ज्यांनी बार सोडला होता त्यांच्यातल्या काहींचे चट्टे फिके होऊन पुसूनही गेले होते.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईला परिषद भरली. सभागृह मोठं, वर पंखे, समोर पांढरा पडदा. शालूनं एकेक चित्र पडद्यावर टाकलं आणि सरळ, साध्या शब्दांत सांगत गेली. पहिल्या रांगेत तीच पांढरी दाढी होती. शेवटचं चित्र उतरवल्यावर शालू पुढं आली.

"पुण्याला मला कुणी विचारलं होतं, मग भाकरीनं कॅन्सर होतो असं का म्हणू नये? मी निरोगी बायकांची तोंडं बघून आले आहे. भाकरी माणूस दोन्ही गालांनी चावतो. बार एकाच गालात धरतो. चट्टा त्याच गालात उठतो. दुसरा गाल साफ असतो. आणि भाकरी खाऊनही ज्या बार धरत नाहीत, त्यांचे दोन्ही गाल साफ असतात."

कुणीही हसलं नाही. म्हातारे प्राध्यापक सावकाश उठले. सभागृह त्यांच्याकडे बघत होतं.

"मी माझा प्रश्न मागे घेणार नाही," ते मऊ आवाजात म्हणाले. "प्रश्न बरोबर होता. पण डॉक्टर जगदाळे, उत्तरही बरोबर आहे. त्यासाठी तुम्ही जत्रेत पाल ठोकलंत, आम्हाला कुणाला ते सुचलं नसतं." आणि त्यांनी टाळी वाजवली.

मग सगळं सभागृहच उठलं. मागच्या रांगेत दाबके उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी फेटा बांधलेला, पदकं लावलेला एक म्हातारा टाच जुळवून ताठ उभा होता. टाळी वाजवायचं त्याला सुचतच नव्हतं. डोळ्यांतून पाणी मिशांत उतरत होतं.

बाहेर व्हरांड्यात प्राध्यापकांनी तिला गाठलं. "तोंडाचं झालं. तंबाखूचा तो रस काही जणी थुंकतात, काही गिळतात. त्या गिळणाऱ्यांच्या अन्ननलिकेचं काय? पोटाचं काय?"

"अन्ननलिकेचे तुकडे मी साठवायला सुरुवात केली आहे, सर. पोट त्यानंतर."

"मग तुम्हाला दुसरी दुर्बीण लागेल," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी ती मिळवूनही दिली. सांगलीच्या इस्पितळानं तिला पुढच्या अंगाला दोन मोठ्या खोल्या दिल्या. दाबक्यांनी तुकड्याबरोबरच्या चिठ्ठीत निदान लिहायचं कधीचंच सोडलं होतं. आता ते खाली लिहीत, 'काय आहे ते कळवावे.'

त्या मार्गशीर्षात, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या जत्रेला, दाबके म्हणाले, मीही येतो. सांगलीहून दोन पालं नेली होती. रंगुबाई पाण्याच्या घागरी भरून ठेवत होती. तानुबाई डोक्यावर पदर, चेहरा उघडा, हातात काठी घेऊन रांग लावत होती, आणि तिला कुणी वळून बघत नव्हतं. जी ती तिला 'तानुमावशी' म्हणून आधी आत सोडायची गळ घालत होती. जतकडून आलेल्या नव्या बायकांचा एक घोळका तेवढा पालाच्या दारात अडून बसला. पुरुष डॉक्टर बघून त्या बिथरल्या होत्या.

तानुबाईनं दाबक्यांकडे नीट बघितलं. "डाक्टर, त्या भ्याल्यात. आधी तुमीच बसा स्टुलावर. बायकास्नी बगू द्या, टोचत न्हाईत ते."

"मी?"

"व्हय, तुमी. माजा एवढा गाल कापला, आता आ करा."

सुभेदार खोकले. बिराप्पानं तोंड फिरवलं. सांगलीचे मुख्य सर्जन दाबके यांनी टोपी काढली, ती गुडघ्यावर ठेवली, स्टुलावर बसले आणि माणदेशातल्या साठ-सत्तर बायकांसमोर भलं मोठं आ केलं. शालूनं बॅटरी लावली. डावा गाल बघितला, उजवा बघितला, ओठ बाहेर ओढून बघितला, कुठंही घाई केली नाही.

"साफ हाय," ती रांगेकडे वळून मोठ्यानं म्हणाली. "चला, म्होरं कोन?"

एकदम तिघी उठल्या.